बाटली नेलीत, निकाल कधी आणणार? गावच्या पाणी तपासणी कार्यक्रमासोबत काम करू पाहणाऱ्या संशोधकांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही हातपंपांचे नमुने घेत होतो. मी बाटलीवर क्रमांक घालत होते, तेवढ्यात पाणी भरायला आलेल्या आजींनी विचारलं, "मागच्या साली शहरातल्या पोरी अशाच बाटल्या भरून घेऊन गेल्या होत्या वो मॅडम. मंग त्याचं काय निघालं?" मला सांगता आलं नाही. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की त्या नमुन्यांवर एक प्रबंध पुरा झाला होता आणि पदवीही मिळाली होती. आजींच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याचा आकडा प्रबंधातल्या एका तक्त्यात होता. तो आकडा ना ग्रामपंचायतीत पोचला होता, ना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. आजी तेच पाणी भरत होत्या.

त्या मुलींनी काम मन लावून केलं होतं, त्यांची उपकरणं आमच्यापेक्षा चांगली होती. निकाल कुठे द्यायचा, कुणाला कळवायचं, कधी कळवायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. मी बरीच वर्षं जिल्हा पातळीवर पाणी तपासणीच्या कामात काढली आहेत. महाविद्यालयं, विद्यापीठं, संस्था, परदेशातून आलेले आपले विद्यार्थी अशा अनेकांसोबत काम केलं. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. उदाहरण महाराष्ट्रातल्या ग्रामीण पिण्याच्या पाण्याचं घेते, कारण तेच मला आतून माहीत आहे.

१. कोण काय मोजतं, हे आधी समजून घ्या

"शासनाचा पाणी तपासणी कार्यक्रम" असं एकच एक काही नसतं. चुकीच्या दारात उभं राहून महिने गेलेले संशोधक मी पाहिले आहेत, म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

गावाच्या पिण्याच्या पाण्याचे स्रोत म्हणजे सार्वजनिक विहिरी, हातपंप, बोअर आणि नळयोजनेला पाणी पुरवणाऱ्या उद्भव विहिरी. त्यांची जबाबदारी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडे. जिल्हा परिषदेत ग्रामीण पाणीपुरवठा विभाग असतो आणि पाणी व स्वच्छतेचा कक्ष असतो. पाणी गुणवत्तेचं काम पाहणारे सल्लागार या कक्षात बसतात. स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि अनुजैविक, म्हणजे जंतूंची, तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, करायची असते. नमुने जातात ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत. आरोग्य विभागाच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा वेगळ्या. साथ आली की नमुने तिकडे धावतात.

आरोग्य विभाग आणखी एक काम करतो, स्वच्छता सर्वेक्षण. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, गटार किती जवळ, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा साठा आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. बाहेरचे संशोधक या कार्डांकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. खरं तर कुठल्या विहिरीवर पावसाळ्यात जंतू सापडणार याचा अंदाज या नोंदींवरून पुष्कळदा आधीच येतो.

गावात प्रत्यक्ष काम करतो तो जलसुरक्षक. विहिरीत, टाकीत टीसीएल टाकणं आणि नळाच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनची रंग-चाचणी, करून क्लोरीन पोचलं का ते बघणं हे त्याचं रोजचं काम. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाल्यानंतर त्यात भर पडली ती फील्ड टेस्ट किट वापरणाऱ्या महिलांची. प्रत्येक गावातून पाच जणींना प्रशिक्षण द्यायचं, असं धोरण आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या सदस्या यांतूनच बहुधा त्या निवडल्या जातात.

भूजलाचं दीर्घकालीन निरीक्षण हा निराळा विषय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली. तिच्या साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरी पुन्हा वेगळ्या. नद्या आणि नाल्यांसाठी मात्र १९७० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ते ठरलेल्या ठिकाणांचे नमुने नियमित घेतं. त्याच केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले. तुमचा प्रश्न नदीचा असेल तर जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला पत्र लिहून उपयोग नाही. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जा.

२. आहे ती आकडेवारी वाचून या

पहिल्या भेटीला येणारा संशोधक बहुधा म्हणतो, "तुमचा डेटा हवा आहे." यातला बराचसा डेटा उघड्यावर असतो. जलजीवन मिशनच्या पाणी गुणवत्तेच्या पोर्टलवर गावनिहाय तपासण्या दिसतात, भारत-डब्ल्यूआरआयएस या केंद्राच्या जलसंपत्ती माहितीच्या संकेतस्थळावर भूजल आणि नद्यांची माहिती आहे, केंद्रीय भूजल मंडळ आपले अहवाल प्रसिद्ध करतं, प्रदूषण मंडळ नद्यांचे आकडे मांडतं. एका तालुक्याचे चार-पाच वर्षांचे आकडे उतरवून घ्या आणि घरी बसून चाळा. मग भेटायला या. तुमच्या पहिल्या प्रश्नावरूनच समोरच्या रसायनतज्ज्ञाला कळतं की तुम्ही वाचून आला आहात की नाही.

चाळताना तीन गोष्टी बघा. पहिली, स्रोताची ओळख. "शाळेजवळील हातपंप" अशा नावाचे एका गावात दोन हातपंप असू शकतात आणि स्रोत क्रमांक नोंदवताना चुकलेला असू शकतो. दुसरी, नमुना कधी घेतला. मे महिन्याचा आकडा आणि ऑक्टोबरचा आकडा एकाच रांगेत ठेवून सरासरी काढली तर ती कुठल्याच पाण्याची नसते. तिसरी, नायट्रेट कशा स्वरूपात लिहिलं आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती नायट्रेट म्हणून मोजलेली आहे. काही परदेशी उपकरणं आणि बरेचसे शोधनिबंध तेच नायट्रोजन म्हणून लिहितात, तिथे हीच मर्यादा साधारण १० होते. हा घोळ मी छापील निबंधातसुद्धा पाहिला आहे. साडेचार पट फरक पडतो, आणि त्यावरून एखादी विहीर "सुरक्षित" ठरते.

आकडे न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण ज्यांच्यासोबत पुढची दोन वर्षं काम करायचं आहे त्यांच्याशी ओळखीची सुरुवात अर्जाने करू नका. साधं विनंतीपत्र द्या, उत्तराची वाट बघा, फोन करा, एकदा जाऊन बसा.

३. कार्यक्रमाला स्वतःला न सुटणारा प्रश्न घ्या

प्रयोगशाळा वर्षाला हजारो नमुने तपासते. तिथल्या रसायनतज्ज्ञाला तुमचे आणखी शंभर नमुने नको असतात. त्याच्या डोक्यात जो प्रश्न वर्षानुवर्षं पडून आहे आणि ज्याला हात घालायला वेळ नाही, तो तुम्ही सोडवू शकलात तर दार उघडतं. म्हणून प्रश्न ठरवण्याआधी त्याला विचारा, "कुठल्या आकड्यावर तुमचा स्वतःचा विश्वास बसत नाही?" मी हा प्रश्न ज्यांना विचारला, त्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही ना काही होतं.

नमुन्यादाखल काही विषय सांगते. किटवर रंग जुळवून वाचलेलं फ्लोराइड आणि प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडने मोजलेलं फ्लोराइड यांत किती अंतर पडतं, आणि प्रति लिटर १ ते १.५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे मर्यादेच्या आसपासच्या नाजूक पट्ट्यात ते कुणाच्या बाजूने चुकतं? ओटी टेस्टचं वाचन आणि क्लोरीन मोजण्याच्या डीपीडी या दुसऱ्या पद्धतीचं वाचन कुठे फारकत घेतं? गावात पोत्यात ठेवलेल्या टीसीएलमधलं क्लोरीन किती आठवड्यांत किती उतरतं? २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते, पण ती कधी खाली गेली हे गावाला कसं कळणार? पहिल्या मोठ्या पावसानंतर उघड्या विहिरीत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, किती दिवस राहतात? अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात कुठल्या खोलीवर गोडं पाणी संपतं? यवतमाळ-चंद्रपूरकडे एकाच गावातल्या दोन बोअरमध्ये फ्लोराइड इतकं वेगळं का? नायट्रेट शेतातल्या युरियाचं किती आणि गावातल्या शोषखड्ड्यांचं, उकिरड्यांचं किती?

बाहेरच्या संशोधनाने कार्यक्रम खरोखर बदलल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. पाणी घालून ठेवलेली छोटी बाटली काळी पडली तर पाणी दूषित, ही एच-टू-एस चाचणी आज गावोगाव माहीत आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली मांडली. सैन्यासाठी काम करणाऱ्यांनी शोधलेली साधी गोष्ट खेड्यातल्या अंगणवाडीत पोचली, कारण ती वापरायला वीज लागत नाही आणि रंग सगळ्यांना कळतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली, तिचं नावच मुळी ज्या जिल्ह्यात दुखणं होतं त्या जिल्ह्याचं आहे. तुमच्या प्रश्नाची निवड करताना ही दोन उदाहरणं समोर ठेवा.

४. दोन पानी टिपण आणि पत्र

वीस पानी प्रस्ताव कुणी वाचत नाही. दोन पानी टिपण मराठीत लिहा. इंग्रजी प्रस्ताव असेल तर तो सोबत जोडा. टिपणात इतकं हवं: प्रश्न काय, कुठली गावं, किती स्रोत, कुठल्या महिन्यात, कोण येणार, खर्च कुणाचा, प्रयोगशाळेकडून नेमकं काय हवं. आणि शेवटी, निकाल कुणाला, कधी आणि कुठल्या भाषेत परत देणार. हे शेवटचं वाक्य पहिल्याच पत्रात असलं पाहिजे, असा माझा आग्रह आहे. ते ज्या पत्रात नसतं तिथे ते नंतरही कधी येत नाही.

पत्र जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि प्रत पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्यांना व भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. अधिकाऱ्यांची बदली होते, पत्राची होत नाही. माझ्या माहितीतलं एक चांगलं काम केवळ तोंडी होकारावर चाललं होतं. साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी रास्तपणे विचारलं, "ही माणसं आपल्या प्रयोगशाळेत कुणाच्या परवानगीने बसतात?" अर्ध्यावर थांबलं ते.

जिल्ह्याची परवानगी म्हणजे गावाची परवानगी नव्हे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा, शक्य असेल तर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत पाच मिनिटं बोला आणि ठरावात नोंद करून घ्या. खाजगी शेतविहिरीचा नमुना हवा असेल तर मालकाला स्वतः विचारा. शेतकऱ्याला भीती असते की विहीर "खराब" निघाली तर जमिनीचा भाव पडेल किंवा विहीर बंद करायला लावतील. ही भीती खरी आहे, तिला उत्तर द्या.

५. सामंजस्य करारात काय असावं

मोठ्या संस्थेचा छापील नमुना घेऊन सही करू नका. त्यात बौद्धिक संपदेवर चार कलमं असतात आणि दूषित विहीर सापडली तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा यावर एकही नसतं.

मी जी कलमं मागते ती अशी. आकडे दोघांचे, पण स्रोताची मूळ नोंद कार्यक्रमाची. छापण्याआधी मसुदा कार्यक्रमाला दाखवायचा आणि तथ्यांच्या चुका सुधारायला ठरावीक मुदत, समजा तीस दिवस, द्यायची. मात्र निष्कर्ष गैरसोयीचा आहे म्हणून छपाई रोखण्याचा अधिकार कुणाला नाही. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना अवघड वाटतं, म्हणूनच तो आधी बोलून घ्यावा. आरोग्याला तातडीचा धोका दिसला तर छपाईची वाट न पाहता ठरलेल्या तासांत कळवायचं. लेखकांत कुणाचं नाव येणार, तेही सुरुवातीलाच. ज्या रसायनतज्ज्ञाने पद्धत बसवली आणि आकडे तपासले त्याला आभारात एका ओळीवर बोळवू नका.

गावकऱ्यांच्या आजाराची माहिती, दातांची तपासणी, लघवीचे नमुने असं काही असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा आरोग्यविषयक संशोधनात असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं. अमेरिका-युरोपात शिकणारी आपली मुलं सुट्टीत गावी येऊन "थोडे नमुने घेऊन जाते" म्हणतात, त्यांनी हे आधी तपासावं. पुष्कळदा नमुना नेण्याची गरजच नसते. तपासणी इथे करता येते आणि आकडे पाठवता येतात.

६. कार्यक्रमाचं वेळापत्रक पाळा

मार्चमध्ये येऊ नका. आर्थिक वर्ष संपत असतं, कुणालाही मान वर करायला वेळ नसतो. आचारसंहिता लागली की बैठका थांबतात. पावसाळ्यापूर्वीची मोहीम एप्रिल-मेमध्ये आणि नंतरची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चालते. तुमचे नमुने त्याच फेरीत, त्याच गाडीतून, त्याच माणसांसोबत घेता आले तर खर्च वाचतो आणि तुमचा आकडा कार्यक्रमाच्या आकड्याशी थेट ताडता येतो. तुमच्या विद्यापीठाचं सत्र मात्र या दोन्हींच्या आड येतं. त्यामुळे वर्षभर आधी ठरवा.

७. नमुना घेणं

इथे मला थांबून सांगायचं आहे, कारण महागड्या यंत्रावर चुकीचा नमुना चढवला तर यंत्र चुकीचाच आकडा देतं, फक्त दशांश चिन्हानंतर जास्त अंक देतं.

अनुजैविक आणि रासायनिक नमुन्यांच्या बाटल्या वेगळ्या. अनुजैविकाची बाटली निर्जंतुक केलेली, आत सोडियम थायोसल्फेट घातलेली. ते पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि प्रयोगशाळेत पाणी शुद्ध दिसतं. ही बाटली विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. गावापासून प्रयोगशाळा लांब असेल तर सकाळी कुठल्या गावापासून सुरुवात करायची हे या तासांवरून ठरवा.

रासायनिक बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. फ्लोराइडसाठी प्लॅस्टिकची बाटली, काचेची नको. धातूंसाठी वेगळी बाटली, त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणायचा. विरघळलेले धातू मोजायचे असतील तर आम्ल घालण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळा. हीच आम्लाची बाटली चुकून नायट्रेटसाठी लावली की सगळ्या गावात नायट्रेट उसळलेलं दिसतं. हे मी स्वतः दोनदा पकडलं आहे. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांत तपासून टाका.

हातपंपाचं पहिलं पाणी घेऊ नका. पाइपात रात्रभर साचलेल्या पाण्यात लोह जास्त येतं. पंप चालवत राहा आणि विद्युतवाहकतेचं वाचन स्थिरावलं की बाटली धरा. उघड्या विहिरीत पृष्ठभागावरचा कचरा टाळून खालचं पाणी घ्या. जिथे लोक पोहरा सोडतात तिथलंच घ्या, कारण तेच पाणी घरात जातं. सामू, तापमान, वाहकता आणि मुक्त क्लोरीन जागेवरच मोजा. आणि जलसुरक्षकाला विचारा, "टीसीएल कधी टाकली?" आज सकाळी टाकली असेल तर तसं नोंदवा. पाहुणे येणार म्हणून खास आदल्या दिवशी जास्त टाकण्याची पद्धत काही गावांत असते. ती आपुलकीपोटी असते, पण तुमचा अभ्यास बिघडवते. त्यामुळे काय बघायला येताय ते आधी नीट समजावून सांगा.

दर दहा नमुन्यांमागे एका स्रोताचा दुहेरी नमुना घ्या आणि दर फेरीला शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली नमुन्यांसोबत फिरवून आणा. काही नमुने दोन भागांत करून अर्धे कार्यक्रमाच्या प्रयोगशाळेत आणि अर्धे तुमच्याकडे तपासा. आकडे जुळले नाहीत तर लगेच त्यांची चूक धरू नका. ऋण आणि धन आयनांचा ताळेबंद मांडा, कारण पाण्यात दोन्हींचा विद्युतभार सारखा भरायला हवा. ५ टक्क्यांच्या आत जुळला तर उत्तम, १० च्या पुढे गेला तर आकडा कुणाचाही असो, पुन्हा तपासा. आमच्याकडच्या एका मोजणीत चूक आमची निघाली होती. त्यावरून प्रमाणित द्रावण जुनं झाल्याचं कळलं आणि ते बदललं. असे प्रसंग वाद न होता पार पडले की खरी भागीदारी सुरू होते.

बाटलीवर कार्यक्रमाचाच स्रोत क्रमांक लिहा. स्वतःचा "वाय-१७" लिहायचा असेल तर तो सोबत, त्याऐवजी नव्हे. अक्षांश-रेखांश, खोली, आजूबाजूला काय आहे, फोटो, वेळ, नमुना कुणी घेतला, हे सगळं त्या जागीच नोंदवहीत उतरवा. दहा वर्षांनी कुणी त्याच विहिरीवर जाऊन तुमचा आकडा ताडू शकला, तर तो या नोंदींमुळेच.

८. गावातली माणसं

किट वापरणाऱ्या ताईंना बाटल्या वाहायला लावू नका. त्यांना गावातला प्रत्येक स्रोत माहीत असतो. कुठला हातपंप उन्हाळ्यात तांबडं पाणी देतो, कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्या तुम्हाला एका दुपारी सांगतील. डाळ न शिजणं म्हणजे कठीणपणा, त्यांच्या भाषेत. त्यांच्या दिवसाची मजुरी बुडते, तिचा मोबदला तुमच्या अंदाजपत्रकात धरा. शेतीच्या हंगामात सकाळची वेळ मागू नका. आणि त्यांनी किटवर मोजलेला आकडा तुमच्या यंत्राशी जुळला तर ते त्यांना सांगा. एका ताईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी रंगपट्टीवर वाचलेलं फ्लोराइड आणि प्रयोगशाळेचं वाचन यांत जेमतेम फरक होता. मी कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माहा बरोबर होता!" पुढच्या फेरीला त्यांनी दोन नव्या बायकांना स्वतःहून शिकवलं.

९. निकाल परत देणं

क्रम असा ठेवा. शंकास्पद आकडा आला की आधी त्याच स्रोताचा दुसरा नमुना. तोही तसाच आला की प्रयोगशाळा आणि पाणी गुणवत्ता सल्लागार. त्यांच्यासोबत गाव. वर्तमानपत्र या रांगेत शेवटी येतं, तेही कार्यक्रमाला कळवून. ई-कोलायच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. निकाल हातात येताच त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकारी आणि आरोग्य सेवकांना फोन करा, टीसीएल टाकून घ्या, पाणी उकळून प्यायला सांगा, मग पुन्हा नमुना घ्या.

उकळण्याचा सल्ला सगळीकडे देऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. पाणी आटल्यामुळे उलट थोडे वाढतात. नायट्रेट जास्त असलेलं पाणी बाळाच्या वरच्या दुधात मिसळणं धोक्याचं असतं, हे आईला नीट समजेल असं सांगावं लागतं. फ्लोराइडच्या गावात लोकांना हवं असतं ते पर्यायी स्रोताचं नाव. "हा हातपंप पिण्यास अयोग्य" असा बोर्ड लावायच्या आधी "मग कुठलं पाणी प्यायचं?" याचं उत्तर तयार ठेवा. तुमच्याच अभ्यासात त्या गावातला सुरक्षित स्रोत सापडलेला असतो, तो त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

निकालाचा कागद एका पानाचा, मराठीत, स्रोताच्या बोलीतल्या नावासह असावा. "मारुतीच्या पारामागची विहीर" असं लिहिलं की सगळ्यांना कळतं. मर्यादा किती, इथे किती, करायचं काय, इतकंच. आलेख शोधनिबंधात ठेवा. कागद ग्रामसभेत वाचून दाखवा आणि चावडीवर लावा. लोक चिडतील, प्रश्न विचारतील, काही जण तुम्हालाच बोल लावतील. त्या वेळी कार्यक्रमाचा माणूस शेजारी उभा असला पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही निघून जाणार आणि तो तिथेच राहणार.

१०. छापताना आणि नंतर

शोधनिबंधात मूळ आकड्यांचा तक्ता जोडा, पण खाजगी विहिरींचे नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका. गावापर्यंतचा उल्लेख पुरे. तपासणीची पद्धत, किमान किती मोजता येतं ती मर्यादा, आणि टाकून दिलेले नमुने का टाकले, हेही लिहा. "शासकीय आकडेवारी अविश्वसनीय आहे" असं सरसकट विधान मी अनेक निबंधांच्या प्रस्तावनेत वाचलं आहे. कुठला आकडा, कुठल्या स्रोताचा, किती चुकला, हे लिहा. तेवढंच कार्यक्रमाला सुधारता येतं.

नमुने संपले तरी तीन कामं उरतात. तुमचे आकडे कार्यक्रमाच्या ठरलेल्या तक्त्यात, त्यांच्या स्रोत क्रमांकासह, प्रयोगशाळेला द्या. उरलेली रसायनं आणि किटचे सुटे भाग परत करा. आणि पुढच्या मोसमात, प्रकल्पाचा निधी संपलेला असला तरी, सर्वांत वाईट निघालेल्या पाच स्रोतांवर एकदा जाऊन या. बोर्ड अजून आहे का, पर्यायी नळ चालू आहे का, लोक कुठून भरतायत, ते बघा. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत तुमच्या निकालाचं पत्र कुठल्या क्रमांकाला चढलं आहे, तेही विचारून तुमच्या आकड्यांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.